घर विकू नका, पण समुद्रावर जा

पत्र (थोडं कमी करून): मी मुलुंडला राहतो, वय ५९. सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपनीतून येत्या मार्चअखेर निवृत्त होतोय. पेन्शन आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट स्वतःचा, कर्ज फिटलेलं. मुलगी लग्न होऊन पुण्यात, आई थोरल्या भावाकडे डोंबिवलीत. शिडाच्या बोटीतून जग फिरणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ बघता बघता माझं ठरलंय. फ्लॅट विकायचा, चाळीस फुटी जुनी बोट घ्यायची, तीन-चार वर्षांत जगप्रदक्षिणा करायची आणि मग उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर लाकडी घर बांधून कायमचं राहायचं. गोव्यात दोन दिवसांचा शिडाच्या होडीचा कोर्स केलाय, पोहता येतं. पत्नी शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिला अजून नीट सांगितलेलं नाही. मांडव्याच्या लाँचमध्येही तिला बोट लागते. आधी नाही म्हणेल, पण मग ऐकेल. पैसे पुरतील का, बेट कोणतं निवडावं, आणि तिला कसं पटवावं?
– दर्यावर्दी होऊ पाहणारा

नमस्कार,

नातेवाईक काहीही म्हणोत, तुम्हाला वेड लागलेलं नाही आणि वयही आड येत नाही. एकट्यानं, कुठेही न थांबता, जुन्या पद्धतीच्या साधनांवर पृथ्वीप्रदक्षिणा करायची अशी गोल्डन ग्लोब नावाची शर्यत आहे. २०१८ सालची ही शर्यत जिंकणारे फ्रेंच खलाशी ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड तेव्हा ७३ वर्षांचे होते. जगभर शिडावर फिरणाऱ्यांमध्ये साठीच्या पुढची जोडपी भरपूर असतात, कारण मुलंबाळं मार्गी लागून वेळ आणि पैसा एकदम हाताशी येतो तो याच वयात. तेव्हा ‘या वयात हे काय’ हे प्रवचन माझ्याकडून मिळणार नाही.

माझी हरकत वेगळी आहे. तुम्ही दोन स्वप्नं एकाच फ्लॅटच्या किमतीत बसवली आहेत. समुद्रावर फिरणं हे एक, बेटावर कायमचं राहणं हे दुसरं. दोन्हींचा खर्च वेगळा, कागदपत्रं वेगळी, लागणारा स्वभावसुद्धा वेगळा. पहिलं तुम्हाला जमण्यासारखं आहे. दुसरं बरंचसं तुमचा पासपोर्ट, त्या देशाचा जमीन कायदा आणि तुमचे डॉक्टर यांच्या हातात आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मूळ पत्रात बोटीच्या सामानाची यादी दोन पानं आहे आणि पत्नीवर तीन ओळी आहेत.

पटवू नका, सांगा. आणि ठरल्यावर नव्हे, आत्ता. व्हिडिओत एक गोष्ट नीट दिसत नाही. दोघांच्याच बोटीवर रात्री पाळी लावावी लागते, तीन-तीन, चार-चार तासांची. तुम्ही खाली झोपलेले असताना त्या बोटीच्या कप्तान तुमच्या पत्नी असतात. मोठं मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या अंगावर येऊ शकतं. ते येतंय की जातंय, आपण वळायचं की तसंच राहायचं, हे त्यांनी एकटीनं ठरवायचं असतं. तुम्ही पाण्यात पडलात तर शिडं उतरवून, बोट वळवून, तुम्हाला शोधून वर ओढायचं कामही त्यांचंच. म्हणजे त्या प्रवासी नाहीत, अर्धी खलाशी आहेत. नाइलाजानं ‘बरं, चला’ म्हणून आलेल्या माणसावर हा भार टाकणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय धोक्याचं आहे. तुमच्यासाठीही.

आता बोट लागण्याबद्दल. मांडव्याच्या लाँचवरून निकाल देऊ नका. डिझेलचा वास, कोंदट जागा, बसायला मिळालेली आतली सीट, अशा ठिकाणी पुष्कळांना मळमळतं. शिडाच्या बोटीवर उघड्यावर बसून, नजर क्षितिजावर ठेवून, सुकाणू स्वतःच्या हातात असलं की अनेकांचा त्रास निम्मा होतो. लांबच्या सफरीत बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. काहींचं कधीच सरावत नाही, हेही खरं. आपण यातल्या कोणत्या गटात मोडतो हे त्यांना स्वतःला कळू द्या. आणि शेवटी त्यांनी नाही म्हटलं तर? नवरा एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बोट नेतो आणि बायको विमानानं तिथे पोहोचते, मग दोघं महिनाभर किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरतात, असं करणारी कितीतरी जोडपी आहेत. त्यात कुणाचा पराभव नाही. शिवाय बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आहेत. या दोन वर्षांत त्यांनीही काही ठरवलं असेल. ते विचारलंत का?

आता तुम्ही किती तयार आहात ते पाहू. दोन दिवसांच्या कोर्सात छोट्या होडीचं शीड हाताळता येतं, समुद्र कळत नाही. मराठी माणसाला याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडावर असं करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ते मुंबईतच परतले, वाटेत फक्त चार थांबे. ते नौदलातले पाणबुडे होते, समुद्र त्यांचा रोजचाच. तरी त्यांची तयारी २००६ पासून चालू होती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती ५६ फुटी बोट बांधली जात असताना तिच्या कामात ते स्वतः होते. मोठ्या सफरीआधी मॉरिशसहून परतताना त्यांनी बोट एकट्यानं आणून पाहिली. तुमच्या बोटीला एवढी तयारी नको, मान्य. पण बोट आधी विकत घेऊन समुद्र मागाहून शिकणं म्हणजे लग्न लावून मग स्थळ बघायला जाणं.

आणि कौशल्य असलं तरी समुद्र कधीकधी जुमानत नाही. अभिलाष टोमी यांनी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून एकट्यानं, कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली होती. त्याच माणसाची बोट, वर सांगितलेल्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना, सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली. हलताही येत नसताना एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढे तीच शर्यत त्यांनी पुन्हा केली आणि २०२३ मध्ये दुसरे आले. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही उष्ण कटिबंधातून जाणार, त्यांच्यासारखे दक्षिणेच्या खवळलेल्या पट्ट्यातून नव्हे. पण व्हिडिओत कॅमेरा चालू असतो तो बहुधा वारा बरा असतानाच.

मुंबई शिकायला उत्तम जागा आहे, आणि याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं की इथल्या माणसाला ते माहीत नसतं. गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटी तुम्ही पाहिल्या असतील. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. कुलाब्याकडे आणखी क्लब आणि शिकवणारे आहेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेचा मध्य. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर. रविवारच्या शर्यतींसाठी बोटमालकांना हात हवे असतात. सदस्यत्व नसलं तरी वेळेवर येणारा, सांगितलेलं ऐकणारा आणि दोर नीट गुंडाळून ठेवणारा माणूस त्यांना चालतो. मीही असाच हौशी हात म्हणून जातो. उधाणाला जवळजवळ पाच मीटर चढणारी भरती, बंदरातली जहाजांची गर्दी, ओहोटीची ओढ, हे सगळं मुंबई बंदरात एका दुपारी शिकायला मिळतं.

त्यानंतर कोकण. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. न थांबता गेलात तर पाच नॉटच्या (तासाला पाच सागरी मैल) वेगानं दोन दिवस आणि दोन रात्री, पण थांबत थांबत जा. मुरुड, जयगडची खाडी, देवगड, मालवण. शाळेत घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे या किनाऱ्यावर हिवाळ्यात घड्याळ लावल्यासारखे वाहतात. सकाळी जमिनीवरून हलका, दुपारी वायव्येकडून बरा वारा. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर, म्हणून परतीला दुप्पट दिवस धरा. रात्री मासेमारीची जाळी ही या किनाऱ्याची खरी डोकेदुखी. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं की काळ्या पाण्यात कुणीतरी सुरी घेऊन उतरावं लागतं, आणि कोळ्याच्या जाळ्याचं नुकसान झालं ते वेगळंच. ही सफर एखाद्या अनुभवी बोटमालकाबरोबर करा. पत्नी आल्या तर पहिली रात्र एखाद्या खाडीच्या निवाऱ्यात नांगर टाकून झोपायची असू द्या, उघड्या समुद्रावरची नको. एवढं करूनही पुढे जावंसं वाटलं तर मग बोटीचा विचार. बोट चालवण्याबरोबर डिझेल इंजिनाची देखभाल शिका. फिल्टर, पट्टा, पाण्याच्या पंपाचं रबरी चाक, हे स्वतःला बदलता आलं पाहिजे. समुद्रात मेकॅनिकला फोन लावून उपयोग नसतो.

स्वयंपाकघराची काळजी मात्र करू नका. झोकांड्या खाणाऱ्या बोटीवर झाकण पक्कं बसणारा प्रेशर कुकर हे सर्वांत भरवशाचं भांडं, हे जगातले जुने खलाशीही मान्य करतात. त्या बाबतीत आपण आधीच पुढे आहोत.

आता पैसे. जुनी चाळीस फुटी बोट परदेशात वय आणि स्थितीनुसार साधारण पन्नास हजार ते दीड लाख डॉलरला मिळते. मलेशियातलं लंकावी आणि थायलंडमधलं फुकेत या बाजूला अशा बोटी विकायला असतात. पण किंमत हा खर्चाचा फक्त एक भाग. खरेदीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला, हा बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब, आणि बोट जुनी असेल तर तोही कमी पडतो. शिडं, दोर, बॅटऱ्या, तळाचा रंग, विमा. त्यावर तुमचं खाणंपिणं, बंदराची भाडी, विमानतिकिटं.

भारतातून पैसे पाठवण्याचीही मर्यादा आहे. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. दहा लाख रुपयांच्या वर गेलात की अशा कारणांसाठी बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर जुळतो, पण तोवर अडकून पडतो. बोटीची खरेदी बँक कोणत्या सदराखाली घेईल ते इसार देण्याआधी लेखी विचारा. आणि फ्लॅट विकून मिळालेल्या नफ्यावरची, दुसरं घर घेतल्यास मिळणारी करसवलत भारतातल्याच घराला आहे. बोटीला नाही, बेटावरच्या लाकडी घरालाही नाही.

म्हणून फ्लॅट विकू नका. मुंबईत भाडं घराच्या किमतीच्या मानानं थोडंच येतं, वर्षाला दोन-तीन टक्के, हे मला माहीत आहे. तरी भाडं आणि पेन्शन मिळून चालू खर्च भागतो आणि परतायला जागा उरते. बोटीची किंमत दरवर्षी उतरते. मुलुंडमधून एकदा बाहेर पडलेला माणूस त्याच पैशात परत मुलुंडमध्ये येत नाही. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार करा, मुलीला मुखत्यारपत्र द्या. बोट तुमच्या साठवलेल्या पैशातून, ग्रॅच्युइटीतून येत असेल तर घ्या. येत नसेल तर लहान घ्या, किंवा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जा. महासागर ओलांडायला जादा हात हवे असलेले बोटमालक दर हंगामात असतात.

तुमच्या जगप्रदक्षिणेच्या नकाशात एक मोठी त्रुटी आहे. तो नकाशा युरोपियन माणसाचा आहे. नेहमीची वाट कॅरिबियन, पनामा, फ्रेंच पॉलिनेशिया, टोंगा, ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक, मॉरिशस, केपटाऊन अशी पश्चिमेकडे जाते, व्यापारी वारे पाठीशी घेऊन. मुंबई या वाटेवर नाही. तांबड्या समुद्राचा आखूड रस्ता आधी सोमाली चाच्यांनी आणि २०२३ अखेरपासून येमेनमधल्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांनी धोक्याचा करून ठेवला आहे. शिवाय तुमचा पासपोर्ट भारतीय. व्हिडिओतली ती जर्मन किंवा ब्रिटिश जोडपी ज्या बंदरात सरळ शिक्का मारून उतरतात, तिथे तुम्हाला आधी व्हिसा लागतो. फ्रेंच पॉलिनेशियाला, ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला लागतोच. आणि विमानानं आल्यावर मिळणाऱ्या सवलती बोटीनं येणाऱ्याला मिळतीलच असं नाही. पनामाहून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत जवळजवळ चार हजार सागरी मैल, म्हणजे महिनाभर नुसतं पाणी. एवढ्या प्रवासानंतर व्हिसाची मुदत संपलेली निघाली तर काय, याचं उत्तर निघण्याआधी असायला हवं. माझं ऐकाल तर जगाची प्रदक्षिणा सोडा. मालदीव, श्रीलंका, अंदमान समुद्र, मलेशिया, थायलंड एवढा पट्टा तुम्हाला दोन हंगाम पुरून उरेल. मुंबई ते माले सुमारे ८८० सागरी मैल, आठवड्याचं काम, तेही हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर. मे महिन्यात अरबी समुद्रात राहू नका. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये मुंबईजवळून गेलं तेव्हा बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ बार्ज बुडून कितीतरी माणसं गेली, आणि ती सगळी समुद्रावरच पोट असलेली माणसं होती. ससून डॉकवर मासेमारी बोटीच्या कुठल्याही तांडेलाला विचारा, बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्यावर तो काय करतो ते.

राहिलं बेट. लक्षद्वीप आपलं, पण बाहेरच्याला प्रवेशालाच परवाना लागतो आणि जमीन घेता येत नाही. मालदीवमध्ये परदेशी माणसाला जमिनीची मालकी नाही. थायलंडमध्येही नाही. तिथे इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीतल्या एकूण जागेच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी असेल तर. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी निवृत्तीचा व्हिसा आहे. त्यासाठी बँकेत आठ लाख बात किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं, आणि दरवर्षी नूतनीकरण. इंडोनेशियात स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन देणारे दलाल भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कायद्यापुढे ती जमीन त्या माणसाचीच असते.

हवामानही बघा. विषुववृत्तापासून पाचेक अंशांच्या आत चक्रीवादळं जवळपास होत नाहीत, कारण वाऱ्याला फिरकी देणारा कोरिओलिस परिणाम तिथे क्षीण असतो. सेशेल्सची मुख्य बेटं, दक्षिण मालदीव या पट्ट्यात येतात. फिजी, व्हानुआतू येत नाहीत. २०१५ चं पाम आणि २०१६ चं विन्स्टन वादळ तिथल्या लोकांना विचारा. आणि बेटावरचं जगणं म्हणजे पाणी मोजून वापरणं, जहाज आलं तर कांदे मिळणं, आणि छातीत दुखलं तर विमानाची वाट बघणं. आपल्याकडचे बहुतेक मेडिक्लेम भारतापुरतेच असतात. तुमच्या वयाला हा खर्च बोटीपेक्षा जड जाऊ शकतो.

तरी बेट हवंच असेल तर मॉरिशस आधी बघा. तिथे परदेशी निवृत्तांसाठी राहण्याचा परवाना आहे, वय पन्नासच्या पुढे हवं आणि उत्पन्न बाहेरून दरमहा आणायचं. वैद्यकीय सोयी बऱ्या. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणी माणसांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण जमीन, घर काही घेऊ नका. भाड्यानं राहा, आणि राहा ते जून ते सप्टेंबर. मुंबईत तेव्हा पाऊस आणि बोटी पाण्याबाहेर. मॉरिशसला तेव्हा कोरडा हिवाळा, कारण तिथला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मग ऑक्टोबरात परत या आणि कोकण किनाऱ्यावर शीड उभारा. दोन्ही स्वप्नं एका वर्षात बसतात, फ्लॅट न विकता. दोन-तीन पावसाळे असे काढून पाहा. बेट चौथ्या महिन्यात कंटाळवाणं वाटतं की नाही हे तेव्हाच कळेल, आणि मला वाटतं पत्नीला समुद्रापेक्षा हा भाग जास्त आवडेल. आई डोंबिवलीत आहेत, त्यांच्यासाठी विमानानं एका दिवसात परतता येईल इतक्याच अंतरावर राहा, निदान पहिली काही वर्षं.

क्लबची चौकशी सप्टेंबरात करा. ऑक्टोबरात बोटी पाण्यात उतरवायला हात लागतात आणि नवा माणूस घेतला जातो तो बहुधा तेव्हाच. वर्षातला बराच काळ देशाबाहेर राहिलात तर कराच्या दृष्टीनं तुमची गणना बदलू शकते, त्यासाठी सीएला आधी भेटा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला तुमच्या कंपनीत कोणत्या महिन्यात लागतो तेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो नोव्हेंबर असतो, म्हणजे नेमका हंगाम लागल्यावर. आता तो मोबाइलवरून चेहरा दाखवूनही देता येतो. पण खोल समुद्रात रेंज नसते, तेव्हा तो उरकूनच निघा.